नरांची बाटली

त्या हंगामात नरांनी दगा दिला. माद्या वेळेवर फुगल्या, अंडी सोडायला तयार झाल्या, आणि नर आपले अनोळखी पाहुण्यांसारखे हौदाच्या कडेकडेने फिरत राहिले. शेवटी धाकट्याने स्वतः एकेकाला जाळीत घेऊन पोट दाबून पाहिलं. एरवी बोट लागायचा अवकाश, की पांढरं दुधासारखं पाणी यायचं. माशांची पिल्लं तयार करणाऱ्या त्या हॅचरीत त्याला दूधच म्हणत. या वेळी एखाद्याला थेंब, तोही उपकार केल्यासारखा. बाकी सगळे कोरडे ठाक.

धाकटा म्हणजे दोघा भावांतला धाकटा. वय पन्नाशीच्या पुढे गेलं, कानावरचे केस पिकले, तरी हॅचरीत तो धाकटाच राहिला, कारण थोरला शेजारच्याच हौदावर उभा असायचा आणि त्याला सगळे दादा म्हणायचे. कामावरून पडलेली आणखी दोन नावं होती. धाकटा माशांना इंजेक्शन टोचायचा म्हणून टोचे, आणि दादा पोटं दाबून दूध नि अंडी काढायचा म्हणून दाबे. नव्या माणसाला ती आडनावंच वाटायची, आणि सख्ख्या भावांची आडनावं वेगळी कशी, या विचाराने तो बरेच दिवस हैराण व्हायचा. दोघं त्याला खुशाल होऊ द्यायचे.

हे टोचणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. हौदातला मासा खातो, पोहतो, लठ्ठ होतो, पण वयात येऊनही संसाराचं काही मनावर घेत नाही. नदीत असता तर पूर आला असता, पाणी वाहू लागलं असतं, आणि माशाच्या मेंदूने खाली हुकूम धाडला असता. तो हुकूम मिळाला की नराच्या अंगात नराचं हॉर्मोन तयार होतं, छातीचे पर हाताला खरखरीत लागतात, पोटात दूध भरतं. हौदात कुठला पूर यायला? मेंदू आपला गप्प. म्हणून तोच हुकूम सुईतून द्यायचा. काल सुस्त पडलेला नर आज पाण्यात नुसती घुसळण करतो. दादाने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो म्हणाला होता, "म्हणजे साहेबाला विचारायचंच नाही. थेट शिपायाला गाठायचं आणि काम उरकायचं." तेव्हापासून हॅचरीत माशाच्या मेंदूला साहेब आणि खालच्या ग्रंथींना शिपाई म्हणू लागले.

औषध पांढऱ्या भुकटीच्या रूपात यायचं. धाकटा ते मीठपाण्यात विरघळवून दोन बाटल्या भरायचा, एक नरांची आणि एक माद्यांची, कारण दोघांची मात्रा वेगळी. दिसायला दोन्ही पाणीच. पूर्वी एकदा बाटल्यांची अदलाबदल झाली आणि चांगल्या चांगल्या माद्या वाया गेल्या, तेव्हा दादाने शक्कल काढली होती. नरांच्या बाटलीत लाल जीवनसत्त्वाचा एक थेंब टाकायचा. बाटली फिकट गुलाबी होते, माशाला अपाय नाही, आणि झोपेत काम करणाऱ्यालाही चूक करता येत नाही. "नरांना मुद्दाम गुलाबी दिलाय," दादा सगळ्यांना सांगायचा, "तेवढीच जरा जिरते त्यांची." टोचण्याआधी बाटली खिडकीच्या उजेडात धरायची, रंग बघायचा, मगच सुई खुपसायची, हा नियमही त्याचाच.

तर असा हा दादा. आवाज असा, की हौदाच्या त्या टोकाला उभा राहून हाक मारली तर मालक ऑफिसात दचकायचा. हात असे, की पाच किलोचा मासा तडफडत असला तरी त्याच्या पंज्यात आला की शांत व्हायचा. आदल्या वर्षी त्याला लघवीचा त्रास सुरू झाला. तपासण्या झाल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला.

डॉक्टर बाई होत्या, बोलायला साध्या. त्यांनी दादाला, वहिनीला आणि धाकट्याला समोर बसवून नीट समजावलं. हा आजार पुरुषाच्या हॉर्मोनवर पोसतो. ते हॉर्मोन बंद केलं की आजाराची उपासमार होते. त्यासाठी काही महिन्यांनी एकेक इंजेक्शन घ्यायचं. त्याने मेंदूकडून खाली जाणारा हुकूमच थांबतो. असं करून माणसं वर्षानुवर्षं चांगली जगतात.

"म्हणजे साहेबाचं तोंड बंद करायचं," दादा म्हणाला.

डॉक्टरांना काही कळलं नाही. वहिनीला वाटलं, हा घाबरून काहीतरी बरळतोय. धाकट्याला मात्र कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा दादाच्या विनोदावर त्याला हसता आलं नाही. जन्मभर जे त्याने सुईने चालू केलं होतं, तेच आता सुईने बंद होणार होतं, आणि तेही दादाचं.

इंजेक्शन लागू पडलं. रक्तातला आजाराचा आकडा झरझर खाली आला. डॉक्टर खूश, वहिनी खूश. दादा मात्र हळूहळू दादा राहिला नाही. बसल्या जागी अंगाची लाही व्हायची, कपाळावरून घाम ओघळायचा. दाढी दोन दोन दिवस करावी लागेना. छाती भरल्यासारखी झाली, म्हणून तो सैल शर्ट घालू लागला. टीव्हीवर कुणाचं हरवलेलं कुत्रं सापडलं तरी त्याच्या डोळ्यांना धारा लागायच्या. घरात पातेलं जळालं तर जो घर डोक्यावर घ्यायचा, तो आता म्हणायचा, "असू दे, होतं असं." वहिनीने धाकट्याला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "भावजी, तुम्हाला म्हणून सांगते. मला त्यांचा राग परत हवाय. कधी वाटलं होतं का, मी असं म्हणेन?"

मग एक दिवस हौदावर सगळ्यांदेखत मासा दादाच्या हातातून निसटला. मोठा नर होता. फरशीवर आपटला, उड्या मारत गटारापर्यंत गेला. धाकट्याने धावत जाऊन पकडला. कुणी हसलं नाही, आणि तेच वाईट झालं. पूर्वी असं झालं असतं तर साऱ्यांनी दादाची टर उडवली असती आणि दादाने साऱ्यांची आई काढली असती. आता सगळे आपापल्या कामात घाईघाईने डोकं खुपसून बसले. दादा हाताच्या पंज्यांकडे बघत उभा राहिला.

"ओला होता जरा," धाकटा म्हणाला.

"मासा ओला असतो होय?" दादा म्हणाला. "बरं झालं सांगितलंस."

त्यानंतर हंगाम तोंडावर आला. धाकट्याने बाटल्या भरून फ्रीजमध्ये ठेवल्या. आणि इकडे दादा सुधारू लागला.

आधी घाम थांबला. मग एका सकाळी तो गाल कापून आला, कारण घाईघाईत दाढी केली होती. मग हौदावरून ती जुनी हाक आली, "अरे ए टोचे, झोपलास का सुई घेऊन?" आणि ऑफिसात मालकाच्या हातून चहा सांडला. धाकट्याला इतका आनंद झाला की त्याने उलट शिवी घातली. वहिनीने फोन करून सांगितलं, आज भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून चांगली बोलणी खाल्ली. आणि बोलता बोलता ती हसायला लागली. धाकट्याला वाटलं, शरीराला औषधाची सवय झाली असेल, त्याने आपलं जुळवून घेतलं असेल. असं वाटून घेणं सोपं होतं. समोर धडधाकट भाऊ उभा असताना कोण कशाला खोलात शिरतो?

खोलात शिरायला लावायला नर होतेच की. पहिल्या टोचणीला निम्मे तयार झाले, दुसऱ्या टोचणीला त्याहून कमी, तिसऱ्याला जवळजवळ कुणीच नाही. माद्यांची अंडी नुसतीच पडून खराब झाली. मालक येऊन हौदावर उभा राहिला आणि शेंदरी अंड्यांच्या त्या पांढऱ्या पडत चाललेल्या थराकडे बघत राहिला. धाकट्याने पाणी तपासलं. खाद्य बदललं. पाण्यात हवा मिसळणारा पंखा फिरवून पाहिला. रात्रंदिवस त्याचं डोकं त्यातच. आपली मात्रा चुकली असेल म्हणून त्याने भुकटी परत परत मोजली. बाटलीकडे मात्र त्याने पाहिलं नाही. खिडकीशी धरायची तशी धरत होता, पण हाताने धरत होता, डोळ्याने नाही. इतक्या वर्षांत एकदाही चूक न झालेल्या गोष्टीकडे माणूस बघायचं सोडून देतो.

दादा त्याच्या शेजारी उभा राहून म्हणाला, "नर आहेत, लाजत असतील." आणि पाठीवर थाप मारली. थाप चांगली सणसणीत होती.

पुढची तपासणी आली. डॉक्टरांनी कागद पाहिला, चष्मा काढला, परत घातला. आकडा वर गेला होता. थोडाथोडका नाही. दादाची कंबर दुखत होती, ते त्याने पहिल्यांदाच तिथे सांगितलं. मग हाडांचे फोटो काढले. मणक्यात डाग निघाले.

"कधी कधी आजार औषधाला दाद देईनासा होतो," डॉक्टर म्हणाल्या. "पण इतक्या लवकर असं सहसा होत नाही. शिवाय यांच्या रक्तात पुरुष हॉर्मोन आहे. भरपूर आहे. ते असायलाच नको होतं. इंजेक्शन चुकलं नव्हतं ना?"

"मी स्वतः बरोबर होते," वहिनी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

दादा खिडकीबाहेर बघत होता. धाकटा दादाकडे बघत होता. मेंदूचा हुकूम बंद आहे आणि तरी खाली काम चालू आहे. हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. कुठेतरी कशाला, रोजच पाहत होता.

दवाखान्यातून तो घरी गेलाच नाही, थेट हॅचरीत गेला. फ्रीज उघडला. नरांची बाटली काढून खिडकीशी नेली आणि या वेळी डोळ्यांनी पाहिली. बाटली भरलेली होती, भरायला हवी त्याहून जास्तच भरलेली होती, आणि आत पाणी होतं. गुलाबी रंग बघायचाच म्हटलं तर बघता आला असता, इतका पुसट. बुचाच्या रबरावर टोचण्यांची नुसती चाळण झाली होती. धाकट्याने त्या बुचावरून अंगठा फिरवला.

मागून पावलं वाजली. दादा रिक्षा करून त्याच्या मागोमाग आला होता. दारातच उभा राहिला.

"कधीपासून?" धाकट्याने विचारलं.

"बाटली भरलीस तेव्हापासून. जेवायच्या सुट्टीत तुम्ही सगळे बाहेर असायचात तेव्हा."

"आणि काढलंस त्याच्या जागी मीठपाणी भरलंस."

"हो."

"अरे माशाचं औषध आहे ते!"

"माशाचं कसलं? माणसाच्याच औषधाची भुकटी आहे, तूच सांगितलं होतंस." दादा आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. "साहेबाचं तोंड त्यांनी बंद केलं. पण ही सुई साहेबाला विचारतच नाही. थेट शिपायाला गाठते. एवढं तर मला कळतं ना रे? जन्म गेला हेच बघण्यात. मेल्यासारखा पडलेला नर एका सुईत उठतो. म्हटलं, मी काय त्याच्याहून गेलेला आहे?"

"तुला माहीत होतं त्याने आजार वाढतो. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं."

"माहीत होतं."

"मग?"

"मग काय?" दादाचा आवाज चढला, तो परत आलेला मोठा आवाज. "दिवसभर घाम पुसायचा. कुत्र्याला बघून रडायचं. हातातला मासा पडला तर लोकांनी तोंडं फिरवायची. रात्री तुझ्या वहिनीशेजारी उशीसारखं पडून राहायचं. याला जगणं म्हणतोस? हे गेले काही दिवस मी मी होतो. तू नव्हतं का पाहिलंस? तुला नव्हतं का बरं वाटलं?"

धाकट्याला बरं वाटलं होतं. त्याने बाटली हातात फिरवली आणि हरल्यासारखा नको तोच प्रश्न विचारला. "मीठपाणी घातलंस तर रंगाचा थेंब का नाही घातलास? तुझीच तर शक्कल. विसरलास?"

दादाने फळीवरची रंगाची कुपी बोटाने सरळ केली.

"विसरलो नाही. थेंबाची कुपी हातात होती. नाही घातला." तो खाली बघत म्हणाला, "म्हटलं, तुला दिसेल. रोज खिडकीशी धरतोस. रंग उतरलेला तुला दिसेल आणि तू माझं बखोट धरून मला थांबवशील. मी आपण होऊन थांबणारा नव्हतो रे. रोज वाटायचं, आज पकडणार हा मला. तू बघितलंच नाहीस."

धाकट्याच्या हातून बाटली पडली नाही. त्याने ती नीट फ्रीजमध्ये ठेवली, दार लावलं, आणि दाराला डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. रडायचं कुणी आणि समजूत कुणी काढायची, सगळाच उलटा कारभार झाला होता.

डॉक्टरांना धाकट्याने सगळं सांगितलं. त्या रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, नुसतं बाटलीवरचं औषधाचं नाव विचारलं.

"यानेच झालं का?" धाकट्याने विचारलं.

"हातभार लागला असणार."

"नसतं घेतलं तर किती वर्षं मिळाली असती?"

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "कुणालाच सांगता येणार नाही."

नवी औषधं सुरू झाली, जुन्याहून कडक. वहिनीला काही सांगायचं नाही, असं दादाने धाकट्याकडून कबूल करून घेतलं होतं. ती बिचारी आपल्या हातून इंजेक्शनची तारीख चुकली का म्हणून कॅलेंडर चाळत बसायची, आणि धाकटा मूग गिळून समोर बसायचा. औषधांनी काही काळ आकडा अडवून धरला, मग धरेनासा झाला. हॅचरीत नवी भुकटी आली, नवी बाटली भरली, आणि नर असे उधळले की हौदातलं पाणी बाहेर उडालं. धाकटा त्यांची पोटं दाबायचा, कारण आता दाबे कामावर नव्हता. दूध भरपूर आलं. त्याला त्या माशांचा राग आला. माशांचा राग येणं वेडेपणाचं होतं, हेही त्याला कळत होतं.

दादा अंथरुणाला खिळला. खिडकीजवळ पलंग लावला होता. त्याचे पंजे आता पांघरुणावर पडलेले असायचे, मोठेच, पण कुणीतरी काढून ठेवल्यासारखे. पुन्हा घाम, पुन्हा ते विनाकारण भरून येणारे डोळे. एका दुपारी वहिनी कपडे वाळत घालायला गेली तेव्हा तो म्हणाला, "एक दे ना रे."

"काय?"

"तुला माहितीये काय."

"दादा, नको."

"आता आणखी काय वाढायचं राहिलंय? एकदाच. मोठ्याने हाक मारावीशी वाटते. आवाजच निघत नाही."

धाकटा उठून गेला. दुसऱ्या दिवशी दादाने परत मागितलं, तिसऱ्या दिवशीही. हट्ट नव्हता त्यात, पूर्वीसारखा दम तर नव्हताच. पाणी मागावं तसं मागायचा. जन्मभर ज्याचं सगळं ऐकलं, त्याला नाही म्हणता म्हणता धाकटा थकून गेला. द्यावं तर आपणच आजाराला खायला घालणार, न द्यावं तर भाऊ तोंडाकडे बघत राहणार. डॉक्टर नाहीच म्हणणार, म्हणून त्यांना विचारायची सोय नव्हती. वहिनीला विचारायची तर नव्हतीच.

शेवटी त्याने एका दुपारी हॅचरीतल्या टेबलावर एक रिकामी, उकळून घेतलेली बाटली ठेवली आणि स्वच्छ मीठपाण्याने भरली. दुसरं काही नाही, नुसतं मीठपाणी. मग लाल थेंबाची कुपी उघडली. ती घाईने उलटी केली. एकाऐवजी दोन थेंब पडले, कदाचित तीन. तो बाटलीकडे बघत राहिला, मग तिला तशीच खिशात घातली, कारण परत करायला बसला असता तर करण्याचा धीरच राहिला नसता.

दादा जागा होता. बाटली पाहून त्याचे डोळे लकाकले. "आण इकडे," तो म्हणाला. धाकट्याने दिली. दादाने दोन्ही हातांनी ती धरली आणि सवयीप्रमाणे खिडकीच्या उजेडात उंच केली. बाटली चांगली लालभडक गुलाबी दिसत होती. नरांची बाटली इतकी गुलाबी कधीच नसायची.

दादा बराच वेळ बघत होता. बाटली हलवून बघितली. मग ती खाली केली.

"रंग छान आलाय," तो म्हणाला आणि दंडावरची बाही वर सारली. "टोच रे, टोचे."

धाकट्याने सुई भरली, दंड पुसला, टोचलं. इतकं हलक्या हाताने त्याने कुठल्या माशालाही टोचलं नव्हतं. कापूस दाबून धरला. दादाने डोळे मिटले. कपाळावर घाम फुटला होता, तो धाकट्याने पुसला.

वहिनी रिकामी बादली घेऊन आत आली. दादाने डोळे उघडले आणि छातीत मावेल तेवढा श्वास भरून घेतला.

"अगं ए," त्याने हाक मारली. हाक दारापर्यंतही पोचली नसती, पण ती जवळच होती. "आज बरं वाटतंय मला. जरा ताकद आल्यासारखं वाटतंय."

वहिनीचा चेहरा फुलला. "खरंच?" ती म्हणाली. "थांबा, काहीतरी गरम करून आणते." आणि ती लगबगीने स्वयंपाकघरात गेली.

दादाने धाकट्याचं मनगट धरलं. अंगठ्याने हलकेच दाबलं, माशाचं पोट दाबायचा तसं.

"पुढच्या वेळी एकच थेंब घाल," तो हळूच म्हणाला.

"बरं, दादा," धाकटा म्हणाला.